हा ट्रक कोणत्या सालचा?

खोटें बोलूं नये हा धर्म आपण मुलांस अक्षरओळख होण्यापूर्वींच शिकवितों. परंतु खोटी वस्तु करूं नये असें कोणी कोणास शिकविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. उलट मातीचा आंबा, लाखेचें डाळिंब, कागदाचें फूल हीं जितकीं हुबेहूब साधतील तितकी करणाराची वाहवा होते. यावरून खोटेपणा हा जिभेचा दोष आहे, हातांचा नव्हे, अशीच आपली सर्वांची समजूत दिसते. ही समजूत कितपत टिकते हें तपासून पाहण्याची इच्छा आम्हांस एका परक्या व किंचित् विलक्षण उद्योगावरून झाली. तो उद्योग म्हणजे राहत्या घराच्या गाडीखान्यांत, संध्याकाळच्या व सुटीच्या वेळीं, नव्वद वर्षांपूर्वींच्या घाटाचा मोटार-ट्रक कांचतंतूंच्या कवचाचा बांधणें हा होय. हा नाद मुख्यतः अमेरिकेंतला. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस तो पोरकट वाटेल. आम्हांसही प्रथम तसाच वाटला होता.

आधीं वस्तुस्थिति सांगितली पाहिजे. फोर्ड कंपनीनें आपली 'मॉडेल टी' ही गाडी १९०८ सालीं बाजारांत आणिली आणि १९२७ पर्यंत तशा दीड कोटींहून अधिक गाड्या काढिल्या. १९२५ च्या एप्रिलांत याच गाडीच्या पाठीस पोलादी पेटी जोडून तिनें कारखान्यांत तयार झालेला आपला पहिला 'पिकअप' २८१ डॉलरांस विकावयास काढिला. गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी, भाजीवाला, सुतार, नळकाम करणारा. पुढें १९३२ सालीं त्याच कंपनीनें आठ नळकांड्यांचें, २२१ घनइंची, ६५ अश्वशक्तीचें इंजिन सामान्य माणसाच्या आटोक्यांतील गाडींत घातलें, आणि तें साल मोटारवेड्यांच्या पंचांगांत पर्वकाळासारखें होऊन बसलें.

त्याच काळांत दक्षिण कॅलिफोर्नियांत तरुणांचा एक वर्ग असा होता कीं, त्याच्या खिशांत पैसा नव्हता, पण हातांत कसब आणि डोक्यांत वेगाचें वेड भरपूर होतें. दिवस मंदीचे, जुनी फोर्ड गाडी थोडक्या पैशांत मिळे. ती घ्यावी, तिचे मडगार्ड, पायफळ्या, टप, जें जें निघेल तें तें काढून वजन घटवावें, इंजिनाशीं झटापट करून कारखान्यानें ठरविल्यापेक्षां अधिक शक्ति त्यांतून पिळून काढावी, आणि सुटीच्या दिवशीं म्युरॉक किंवा एल मिराज या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर ती पळवावी, असा त्यांचा क्रम असे. या शर्यतींस शिस्त लावण्यासाठीं १९३७ सालीं त्यांनीं आपला एक संघही स्थापिला. मग महायुद्ध आलें. तें संपल्यावर लष्करांत यंत्रांच्या दुरुस्तीवर हात मुरलेले कित्येक तरुण परतले, आणि 'हॉट रॉड' हें या गाड्यांचें नांव त्याच सुमारास सर्वतोमुखीं झालें. १९४८ च्या जानेवारींत त्या नांवाचें मासिकही निघालें.

कांचेचा प्रवेश यानंतरचा. कांचेचे केंसाहून बारीक तंतु ओढण्याची विद्या अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत व्यापारी प्रमाणावर साधली. ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी १९३८ सालीं याच मालासाठीं निघाली. या तंतूंत रासायनिक राळ मुरवून ती घट्ट होऊं दिली म्हणजे हलकें, न गंजणारें व हव्या त्या आकाराचें कवच तयार होतें. १९५३ सालीं शेव्हरोले कंपनीनें आपल्या 'कॉर्व्हेट' गाडीस असलें कवच दिलें व पहिल्या वर्षीं तशा ३०० गाड्या काढिल्या. पोलादाचा पत्रा दाबून घडविण्यास प्रचंड यंत्रें लागतात. राळेस सांचा, कुंचला आणि रूळ एवढें पुरतें. त्यामुळें जें मोठ्या कारखान्यास साधलें तें लहान दुकानदारासही साधूं लागलें, आणि जुन्या फोर्डांचीं पोलादी अंगें गंजून व मोडींत जाऊन जसजशीं दुर्मिळ झालीं तसतशीं त्यांचीं कांचतंतूंचीं कवचें बाजारांत येऊं लागलीं.

कृति अशी. एका चांगल्या पोलादी अंगास मेण चोळून त्यावरून सांचा घेतात. सांच्याच्या आंतून पुन्हां मेण, त्यावर रंगीत राळेचा लेप, त्यावर कांचतंतूंची चटई पसरून तींत राळ जिरवितात आणि थरांत अडकलेली हवा रुळानें दाबदाबून बाहेर काढितात. राळ घट्ट करणारें द्रव्य शेंकडा एक ते दोन एवढेंच घालावयाचें. कमी पडलें तर राळ दिवसेंदिवस चिकट राहते, अधिक झालें तर ती आपल्याच उष्णतेनें तापून तडकते. राळेंतून निघणाऱ्या स्टायरीनच्या वाफेस उग्र दर्प असतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१८ सालीं या द्रव्याची गणना कर्करोगास बहुधा कारण होणाऱ्या पदार्थांत केली; तेव्हां वाफ गाळणारा मुखवटा व वारा खेळणारी जागा यांवांचून या कामास हात घालणें हा निव्वळ अविचार होय. यांत एक गंमत आहे. ज्या मूळ अंगावरून सांचा घेतला त्यावरचा एखादा पोंचा बुजवावयाचा राहिला असेल, तर तो त्या सांच्यांतून निघणाऱ्या प्रत्येक कवचावर उमटतो. कोण्या शेतकऱ्यानें एके काळीं आपल्या फाटकावर गाडी घांसली असेल, त्याची खूण अशा रीतीनें घरोघर जाते! बापाच्या नाकाचा बांक मुलाच्या तोंडावर दिसावा त्यांतलाच हा प्रकार. फरक एवढाच कीं येथें मुलांची गणती नाहीं.

घरीं बांधणारा मनुष्य बहुधा हें कवच तयारच विकत घेतो. परंतु तें घरीं आलें म्हणजे ट्रक आला असें नव्हे. आलें तें एक मोठें, लवचिक, पोकळ टरफल. त्याखालीं पोलादी सांगाडा पाहिजे. त्याच्या बाजूच्या पन्हळीसारख्या तुळया पट्ट्या सांधून चौकोनी बंद कराव्या लागतात, नाहीं तर नव्या इंजिनाच्या जोरानें त्या पिळवटतात. कवचास आंतून लांकडाचा किंवा पोलादी नळ्यांचा आधार द्यावा लागतो. आणि मग दरवाजे. ज्यानें हें काम केलें आहे त्यास दरवाजांविषयीं विचारावें. सांगाडा किंचित् तिरपा असला, कवच एका अंगास सुतभर उचललें गेलें, कीं दरवाजा वर घांसतो अथवा खालीं फट सोडतो. तें दुरुस्त करावें तों दुसऱ्या बाजूचा रुसतो. कित्येकांचे हिंवाळे यांतच गेले आहेत. दिव्यांची गोष्ट तशीच. पोलादी गाडींत वीज परत नेण्याचें काम गाडीचें अंगच करतें. कांच वीज वाहून नेत नाहीं, म्हणून प्रत्येक दिव्यास परतीची निराळी तार ओढावी लागते. ती विसरून सर्व रंगरंगोटी झाल्यावर दिवा कां लागत नाहीं म्हणून डोकें खाजवीत बसलेला मनुष्य या नादांत नवशिका समजला जातो.

असा चार-सहा वर्षें खपून एका गृहस्थानें ट्रक पुरा केला असें समजूं. पहिल्याच रविवारीं तो शेजारीं आपल्या सात वर्षांच्या मुलास बसवून पेट्रोल घेण्यास गेला. तेथें एक वृद्ध मनुष्य जवळ येतो, कौतुकानें ट्रकाभोंवतीं फिरतो आणि विचारतो, "कोणत्या सालचा?" आमचा सारा प्रश्न या दोन शब्दांत सांठलेला आहे. "बत्तीसचा" असें उत्तर ओठांवर असतें. शेंकडों लोक तसें देतातही, आणि देतांना त्यांच्या मनांत कपट असतेंच असें नाहीं. तें उत्तर खरें कीं खोटें?

या प्रश्नावर आमच्या जुन्या तत्त्वज्ञांचें मत घेतां येण्यासारखें आहे. मिलिंद राजास नागसेन भिक्षूनें रथाविषयीं विचारलें कीं, आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, जूं म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणाला, आणि शेवटीं ठरलें कीं रथ हें अवयवांच्या मेळास दिलेलें केवळ व्यवहाराचें नांव. या न्यायानें इंजिन एकाचें, चाकें दुसऱ्याचीं, कवच तिसऱ्याचें असलेल्या आमच्या ट्रकास ट्रक म्हणण्यास कांहींच हरकत नाहीं. परंतु नागसेनाचा युक्तिवाद येथें पुरा पडत नाहीं. हा रथ आहे काय, हा एक प्रश्न. हा रथ केव्हांचा, हा दुसरा. नांव व्यवहारानें देतां येतें. जन्मतिथि व्यवहारानें देतां येत नाहीं. ग्रीक लोकांची ती थीसियसची नौका घ्या. तिच्या फळ्या एकेक करून सर्व बदलल्या, तरी तीच नौका राहिली काय, हा वाद त्यांनीं पुष्कळ घातला. पण त्या नौकेचें अस्तित्व निदान अखंड होतें. आज एक फळी, उद्यां दुसरी. आमच्या ट्रकाच्या बाबतींत बदलण्यास पहिली फळीच नव्हती. १९३२ सालच्या वस्तूशीं त्याचा संबंध एवढाच कीं, कोणे एके काळीं एका सांच्यानें तिला मेणाच्या पापुद्र्याआडून स्पर्श केला होता.

गौतमाच्या न्यायसूत्रांतील उदाहरण याहून जवळचें आहे. शब्दाचा अर्थ व्यक्ति, आकृति कीं जाति, असा तेथें वाद चालला असतां मातीच्या गायीचा दाखला येतो. मातीची गाय ही एक व्यक्ति आहे, तिला आकृतीही गायीचीच आहे. तरी गाईचें दान कर असें सांगितल्यावर तिचें दान कोणी करीत नाहीं, कारण तिच्या ठिकाणीं गोत्व नाहीं. आमचा ट्रक ही अशी मातीची गाय म्हणावी, तर ही मातीची गाय दूध देते! मूळ गाडीचें इंजिन ६५ अश्वशक्तीचें. याच्यांत शेव्हरोलेचें ३५० घनइंची इंजिन बसविलें तर तें सहज चौपट जोर करतें. म्हणजे ट्रकत्व याच्या ठिकाणीं मुळाहूनही अधिक आहे. नाहीं तें फक्त बत्तीसपण. आणि मातीच्या गायीची हेटाळणी करण्यापूर्वीं आपण हेंही आठवावें कीं, ज्यांच्या दारीं बैल नाहीं असे लोक पोळ्यास मातीच्या बैलांची पूजा करतात. तींत खोटेपणा आहे असें म्हणण्यास कोणी धजणार नाहीं. कां बरें? कारण बैल मातीचा आहे हें पूजा करणारास ठाऊक असतें, पाहणारासही ठाऊक असतें, आणि मातीच्या बैलानें नांगर ओढला असें त्या घरचा कोणी बाजारांत सांगत सुटत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं दोष कांचेचा आहे. खरें पोलाद वापरलें असतें तर हा वादच उद्भवला नसता. हें मत या नादी लोकांत बरेंच प्रचलित आहे, व पोलादवाल्यांनीं कांचवाल्यांस नाक मुरडावें हाही तेथला एक संप्रदाय आहे. परंतु १९३२ च्या घाटाचीं नवीं पोलादी अंगेंही आज ओहायोंत तयार होऊन मिळतात. गेल्या वर्षीं दाबलेला पत्रा पोलादाचा आहे म्हणून तो नव्वद वर्षांचा होत नाहीं. पोलादाचें नवें अंग हें कांचेहून सत्याच्या अधिक जवळ आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. उलट तें अधिक फसवें आहे, कारण लोहचुंबक त्यास चिकटतो. याच्या उलट टोंकास असेही लोक आहेत, कीं ज्यांच्या गाडींतील मूळ भाग म्हणजे आंकडा कोरलेला गंजका सांगाडा तेवढा. बाकी सर्व नवें. कायदा त्या आंकड्याकडे पाहतो, आणि त्या गंजक्या तुळईबरोबर तें सालही त्यांच्या पदरांत पडतें. कोणी तर नुसता जुना कागद व आंकडा विकत घेऊन तो नव्या गाडीस डकवितात. पण ती लबाडी उघड गुन्ह्यांत मोडत असल्यामुळें नीतिशास्त्रास तींत सोडविण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

आतां दुसरी बाजू. हॉट रॉडाच्या बाबतींत 'मुळाबरहुकूम' या शब्दाची मातब्बरीच काय? ज्या तरुणांनीं हा पंथ काढिला त्यांस जुन्या वस्तूविषयीं कसलाही पूज्यभाव नव्हता. फोर्डाच्या कारखान्यानें जें घडविलें तें त्यांनीं करवतीनें कापलें, हातोड्यानें वांकविलें, नको तें भंगारांत फेंकिलें. छप्पराचे खांब कापून तें चार बोटें खालीं बसविणें ही तर या पंथाची दीक्षाच. पुढें शेव्हरोलेचें १९५५ सालचें आठ नळकांड्यांचें इंजिन निघालें, तेव्हां फोर्डाच्या गाडींत प्रतिस्पर्ध्याचें इंजिन घालण्यासही त्यांस संकोच वाटला नाहीं. तेव्हां अशा गाडीची 'अस्सल' प्रत करणें म्हणजे बंडखोराच्या फाटक्या सदऱ्याचें माप घेऊन शिंप्याकडून तसाच फाटका सदरा शिवून घेणें होय. उलट कांचेच्या कवचाच्या बाजूनें एक गोष्ट आम्हांस मान्य केली पाहिजे, व ती लहान नाहीं. प्रत्येक कवचामागें एक उरलेंसुरलें पोलादी अंग करवतीखालून वांचतें. मूळ वस्तु जपावयाची असेल तर नक्कल करणारासारखा तिचा मित्र नाहीं. मूळ वस्तूस भिऊन वागणारा संग्राहक आणि तिला न शिवतां तिच्या रूपाशीं खेळणारा हा कारागीर यांत अधिक आदर कोणाच्या ठिकाणीं आहे, हें ठरविणें आम्हांस तितकें सोपें वाटत नाहीं.

पण ट्रकच कां? या प्रश्नापाशीं आम्ही पुष्कळ घोटाळलों. दोन बसणीची उघडी गाडी मौजेसाठींच जन्मलेली. तिच्या नकलेंत मौजेची मौज होते. ट्रकाचा जन्म ओझ्यासाठीं. त्याच्या पाठीवर बटाट्यांचीं पोतीं, दुधाचे कॅन, खिळे, विटा, एखादें आजारी वासरूं हीं जावयाचीं. घरीं बांधलेल्या या नव्या ट्रकाची पेटी पाहावी तर तींत ओकच्या फळ्या, त्यांवर आरशासारखें व्हार्निश, मधून चकचकीत पट्ट्या. आणि मालकाची दृष्टि अशी कीं तिच्यावर एखादें पोतें ठेवण्याचा विचार बोलून दाखविणारा मनुष्य शत्रु होय! दारिद्र्याच्या व कष्टाच्या वस्तु त्यांतील कष्ट गेल्यावर सुंदर दिसूं लागतात. आपल्याकडेही ज्यांनीं कधीं चाबूक हातीं धरला नाहीं अशांच्या बागेंत बैलगाडीचें चाक रंगवून टेकविलेलें असतें. यांत पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु येथें नकलेपेक्षां अधिक सूक्ष्म असा एक खोटेपणा शिरतो, तो म्हणजे ज्या श्रमाचें चिन्ह आपण मिरवितों त्या श्रमाचा आपणांस वारसा आहे असा आव आणणें. २८१ डॉलर देऊन ट्रक घेणारा शेतकरी असल्या फळ्या पाहून हंसला असता, आणि लगेच त्यांवर चिखलाचे बूट ठेवता झाला असता.

येथें या गृहस्थाच्या तर्फें एक उत्तर आहे, आणि आमच्या मतें तेंच त्याचें खरें बळ आहे. तो म्हणेल कीं, ओझें वाहण्याचा श्रम मला नसेल, पण बांधण्याचा श्रम माझा आहे. हें खरें. मात्र 'मीं बांधला' या शब्दांचाही हिशेब मांडला पाहिजे. कवच विकतचें, इंजिन पेटींतून बांधून आलेलें, पुढच्या चाकांची बैठक बहुधा १९७४ ते १९७८ च्या 'मस्टँग २' गाडीच्या धर्तीवर कोणी करून विकलेली. मग त्याचें काय? आमच्या मतें त्याचा आहे तो मेळ. नागसेनानें रथ अवयवांत नाहीं, मेळांत आहे असें दाखविलें. तो मेळ या मनुष्यानें घातला. दरवाजा बंद होतांना जी एकसारखी फट राहते ती कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. यास्तव 'मीं बांधला' हें वाक्य 'हा बत्तीसचा' या वाक्यापेक्षां कितीतरी अधिक खरें आहे. नवल एवढेंच कीं, मनुष्यास बहुधा दुसरेंच वाक्य उच्चारावेसें वाटतें. स्वतःच्या सहा वर्षांपेक्षां परक्याचीं नव्वद वर्षें त्यास मोठीं वाटतात.

या कामांत खऱ्याखोट्याची खरी कसोटी दिसणाऱ्या भागांत नाहींच. फोर्डानें १९३९ पर्यंत आपल्या गाड्यांस तेलाच्या दाबाचे ब्रेक दिले नव्हते. दांड्यांनीं ओढले जाणारे ब्रेक होते. तिनशें अश्वशक्तीच्या गाडीस मुळाबरहुकूम ब्रेक लावणें म्हणजे सत्याच्या नांवाखालीं खून करणें होय. तेथें मुळाशीं बेइमान होणें हेंच कर्तव्य. आसनाचा पट्टा घ्या. तो कांचेच्या कवचांत नुसता बोल्ट आंवळून बसवितां येतो, व दिसण्यांत तो अगदीं ठाकठीक दिसतो. पण आघात होतांच बोल्ट कवचाचा लचका घेऊन बाहेर येईल. त्याचें टोंक खालीं पोलादी सांगाड्यासच जखडलें पाहिजे. हें काम गालिच्याखालीं झांकून जातें. प्रदर्शनांतील पंच तें पाहत नाहीं, पेट्रोल भरणारा वृद्ध पाहत नाहीं, आणि पट्टा लावून शेजारीं बसलेला मुलगा तर त्याविषयीं कांहींच जाणत नाहीं. हातांनाही खोटें बोलतां येतें, आणि जिभेच्या खोट्यापेक्षां तें अधिक भयंकर असतें, हें आम्हांस येथें प्रथम नीट कळलें. मातीच्या आंब्यानें कोणी मेल्याचें ऐकिवांत नाहीं; म्हणूनच आपण हातांचें खोटें क्षम्य मानीत आलों.

रस्ता सार्वजनिक आहे, तशी हवाही सार्वजनिक आहे. कॅलिफोर्निया संस्थानाचा यासंबंधींचा कायदा मोठा मौजेचा आहे. २००२ पासून तेथें घरीं बांधलेल्या गाड्यांपैकीं दरवर्षीं पहिल्या ५०० गाड्यांस एक सवलत मिळते: धूरतपासणीपुरतें गाडीचें साल कोणतें धरावयाचें, इंजिनाचें कीं तिचें अंग ज्या सालच्या गाडीसारखें दिसतें तें, हें मालकानें निवडावें, आणि ती कशासारखीच दिसत नसेल तर ती १९६० ची समजावी. पेट्रोलवर चालणाऱ्या १९७५ व त्यापूर्वींच्या गाड्यांस त्या संस्थानांत धूरतपासणीची माफी आहे. तेव्हां बत्तीसच्या वेषांतील कालचा ट्रक त्या तपासणींतून सुटतो. साक्षात् राजसत्तेनेंच 'दिसतें तें आहे' असें मान्य केलें! लॉस एंजलिसच्या ज्या हवेनें एके काळीं सबंध शहराचे डोळे चुरचुरविले, तिच्यासंबंधानें हा निर्णय आहे हें विशेष. वर्षाला पांचशें गाड्यांनीं आकाश काळवंडत नाहीं, हें आम्हांस कळतें. कायद्यानें सवलत दिली ती घेण्यांत लबाडी नाहीं. परंतु ज्याला शक्य आहे त्यानें धूर कमी करणारें नवें इंजिन घालावें व सवलत सोडावी. साल आपण ठरवूं तें कागदावर लागतें, श्वास मात्र शेजाऱ्यास आजच घ्यावयाचा असतो.

असो. आपण पेट्रोलच्या नळापाशीं उभ्या असलेल्या त्या गृहस्थाकडे परत येऊं. त्यानें "बत्तीसचा" म्हटलें तर जग बुडणार नाहीं, हें आम्ही जाणतों. वृद्ध आनंदित होईल, आपल्या बापाचा असाच ट्रक होता म्हणून चार आठवणी सांगेल, आणि आपल्या वाटेनें जाईल. त्या आठवणी खोट्या ठरणार नाहींत. मग बिघडलें काय? बिघडलें तें गाडीच्या आंत. मुलानें तें कवच गाडींतून उतरतांना पाहिलें आहे. त्या राळेचा दर्प त्याच्या नाकांत अजून आहे. बापानें सहा वर्षांत काय केलें हें या जगांत त्याच्याएवढें कोणासच ठाऊक नाहीं. "बत्तीसचा" या एका शब्दानें तीं सहा वर्षें पुसलीं जातात, आणि पुसणारा बापच असतो. वृद्धाची फसवणूक ही क्षुल्लक. आपलें स्वतःचें काम आपणच नाकारणें हें क्षुल्लक नव्हे. शिवाय ही वस्तु फार दिवस गप्प राहत नाहीं. गडद रंगाचें कवच उन्हांत महिनोन्‌महिने तापलें म्हणजे आंतून चिकटविलेल्या आधाराच्या कडा कधीं कधीं वरच्या रंगावर अंधुक रेघांनीं उमटूं लागतात. कितीही घांसा, पुढच्या उन्हाळ्यांत त्या पुन्हां येतात.

समजा, त्यानें सांगितलें कीं घाट बत्तीसचा आहे, बाकीचें सारें गेल्या सहा वर्षांतलें, आणि अंग कांचेचें. वृद्धाच्या चेहऱ्यावरचें कौतुक किंचित् उतरतें. तें उतरतांना पाहणें ही या उत्तराची किंमत आहे, व ती रोख मोजावी लागते. तो बोटाच्या पेरानें मडगार्डवर टकटक करून पाहतो. आवाज बोदा येतो. क्षणभर कोणी कांहीं बोलत नाहीं. मग तो वांकतो, दरवाजाच्या फटीवरून नख फिरवीत वरपासून खालपर्यंत नेतो, आणि हे दरवाजे कोणी बसविले म्हणून विचारतो. बाप उत्तर देण्यापूर्वींच मुलगा सांगून मोकळा होतो कीं, ते तीन वेळां काढून बसविले, आणि तिसऱ्या वेळीं दिवा मीं धरला होता.